आई पुढच्या गाडीत होती

वाहतूक कार्यालयाचं पत्र आलं त्या दिवशी मास्तरणीचा घसा पार बसला होता. अख्खी सकाळ तिने एका नवशिक्या बाईला चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे कशी काढायची ते शिकवण्यात घालवली होती, आणि बाईंची गाडी दर वेळी पुढे जायच्या ऐवजी मागेच घरंगळत होती. घरी आल्यावर मास्तरणीने घटाघटा पाणी प्यायलं, पाकीट फोडलं आणि पत्र उभ्याउभ्याच वाचलं.

वाचून खरं तर तिने हुश्श करायला हवं होतं. हमरस्त्यावरच्या कॅमेऱ्याने तिची गाडी भरधाव जाताना टिपली होती आणि पहिल्या नोटिशीत चक्क ‘बेदरकार वेग’ असं लिहिलं होतं. लोकांना गाडी चालवायला शिकवणारी बाई, आणि बेदरकार! हा शब्द लायसन्सवर चढला असता तर शिकवायचा परवाना गेलाच म्हणून समजा. तिने लेखी खुलासा पाठवला होता की आईच्या छातीत अचानक दुखायला लागलं, इस्पितळ गाठायचं होतं, म्हणून वेग वाढला. त्यावर हे उत्तर. खुलासा अंशतः मान्य, ‘बेदरकार’ काढून टाकलं आहे, दंड निम्म्यावर आणला आहे, लायसन्सवर नोंद नाही. पटत असेल तर भरून मोकळ्या व्हा, नसेल तर कोर्टात या. मात्र कोर्टात सुनावणी सुरू झाली की ही सवलत गेली आणि मूळचा आरोप परत उभा राहील.

“सुटलीस बाई,” नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना अधांतरी अडकलेलं पाहायची सवय असल्यामुळे त्याला कशाचीच घाई नसायची. “आजच भरून टाक. मीच भरतो, आण इकडे.”

ती पत्र त्याच्या हातात देणार, तेवढ्यात फोन वाजला. छोटीचा होता.

छोटी म्हणजे तिची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, केसांत पांढऱ्या तारा दिसायला लागल्या, तरी सगळ्या घराची ती छोटीच. तिचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात केस कमी आणि गप्पाच जास्त कापल्या जायच्या.

“ताई, तुला आलं का पत्र? मला आलं! अगं, सगळंच माफ! रुग्ण गाडीत होता म्हणून दंड रद्द, असं लिहिलंय. मला तर वाटलं होतं आता आपली वरात निघणार! तुझंही माफच झालं असेल ना?”

“हो, झालंच म्हणायचं,” मास्तरीण म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिने पत्र नवऱ्याला दिलं नाही. घडी घालून पर्समध्ये टाकलं.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“मी कोर्टात जाणार.”

आता त्या दिवशी काय झालं होतं ते सांगायला हवं. गावाबाहेर राहणाऱ्या मामाकडे सगळे जेवायला जमले होते. जेवणं उरकली, माणसं आडवीतिडवी पसरली, आणि आई एकाएकी घामाघूम झाली. छातीवर हात ठेवून म्हणाली, “जरा जड वाटतंय.” एकच धावपळ उडाली. मास्तरीण सगळ्यांच्या आधी बाहेर पळाली. दारात दोन्ही बहिणींच्या गाड्या पुढेमागे लावलेल्या. तिने आपली गाडी सुरू केली, पुढची सीट मागे घेऊन जवळजवळ पलंगासारखी केली, शाल घडी करून उशाला ठेवली आणि दार उघडून धरलं. आईला मामाने आणि छोटीने दोन्ही बाजूंनी धरून आणलं. आईने त्या उघड्या दाराकडे पाहिलं. नक्की पाहिलं, मास्तरीण शपथेवर सांगायला तयार होती. पाहिलं, आणि दोन पावलं आणखी पुढे जाऊन छोटीच्या गाडीत बसली.

ती काही बोलायची वेळ नव्हती. छोटीची गाडी निघाली आणि मास्तरीण रिकामी गाडी घेऊन मागे. छोटीला गाडी तिनेच शिकवली होती. एरवी छोटी गाडी अशी चालवायची की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून थकायचे; तिसरा गिअर म्हणजे तिला उगाच उधळपट्टी वाटायची. आणि त्या दिवशी तीच पोरगी सुसाट सुटली होती. मास्तरणीला पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून आईचं डोकं दिसत होतं, छोटीच्या खांद्याकडे कललेलं. तिने पाय दाबला. आणखी दाबला. कॅमेऱ्याने पुढची गाडी टिपली आणि लगेच मागची.

ती इस्पितळात पोचेपर्यंत डॉक्टरांनी आईला आत नेलं होतं. हृदयाची एक नळी चोंदली होती, ती उघडली, थोड्याच दिवसांत आई घरी आली आणि पथ्याच्या जेवणाला नावं ठेवू लागली. सगळं गोड झालं. पण ज्याने त्याने कौतुक केलं ते छोटीचं. “छोटी होती म्हणून!” मामा म्हणाला. “वेळेत आणलंत,” डॉक्टर म्हणाले, तेही छोटीकडे बघून. मास्तरीण शेजारीच उभी होती, हातात घडी न मोडलेली शाल घेऊन.

आणि आता सरकारनेही तेच लिहून दिलं होतं. छोटीला पूर्ण माफी. तिला निम्मी.

दुसऱ्या दिवशी ती वकिलीणबाईंकडे गेली. ही वकील तिचीच जुनी विद्यार्थिनी. कायद्यात तल्लख, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की अजूनही हातपाय गळायचे. तिने पहिली नोटीस आणि हे पत्र वाचलं, सगळी हकिगत ऐकली, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मॅडम, खरं सांगू का? भरून टाका. इतकी चांगली सवलत मी स्वतः भांडून मिळवली असती तर पेढे वाटले असते.”

“पण एकच रस्ता, एकच वेळ, एकच कारण. तिला एक न्याय आणि मला दुसरा?”

“कारण एकच नाही ना. त्यांच्या गाडीत पेशंट होता. तुमच्या गाडीत कोण होतं?”

मास्तरणीने पत्राची पुन्हा घडी घातली.

“न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारणार,” वकील मऊपणे म्हणाली. “रिकामी गाडी एवढ्या जोरात कशाला पळवत होता? मग तुम्ही काय सांगाल?”

काय सांगणार होती ती? की मला मागे राहायचं नव्हतं? की माझी आई, आणि ती माझ्या गाडीत बसली नाही? तिने वकिलीणबाईंना अर्ज करायला सांगितलं आणि उठली.

तारीख मिळाली. तारखेपर्यंतचे दिवस मात्र तिने धुमसत काढले. शिकाऊ मुलांवर खेकसायची. आरशात बघा, आरसा काय भांग पाडायला दिलाय का! घरी नवऱ्याने काही विचारलं तर म्हणायची, “तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व बाजूला ठेव,” नवरा एकदा भाजी चिरता चिरता म्हणाला. “छोटीलाही निम्मा दंड झाला असता तर तू कोर्टात गेली असतीस?”

“अहो, काहीतरीच काय!”

“नाही, आपलं विचारलं.”

तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेली भाजी स्वतः चिरली, अशी बारीक की शिजल्यावर ओळखू येईना.

खरं तर हे आजचं नव्हतं. अभ्यासात ती पुढे, घरकामात ती पुढे, वडील गेल्यावर घराला हातभार लावला तो तिनेच. आणि आई देवळात, बाजारात, दवाखान्यात कुठेही निघाली की हाक मारायची ती छोटीला. छोटीने कधी काही मागितलंही नव्हतं. हीच तर पंचाईत होती. तिच्याकडे गोष्टी आपसूक चालत जायच्या, माणसंसुद्धा. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

नवऱ्याच्या पोटात काही राहत नसे. त्याने छोटीला फोनवर सांगून टाकलं. संध्याकाळी छोटी दारात हजर, कपड्यांवर दुकानातले केस तसेच.

“ताई, तुला अर्धाच माफ झाला आणि तू मला बोलली नाहीस?” तिचे डोळे भरून आले होते, आणि तेही खरेखुरे. “माझ्यामुळे झालं हे. मी लिहिलं ना, आई माझ्या गाडीत होती म्हणून.”

“होतीच की तुझ्या गाडीत.”

“मग मी कोर्टात येऊन सांगते, तुझ्या गाडीत होती.”

मास्तरीण तिच्याकडे बघतच राहिली. “वेडी आहेस का?”

“त्यात काय? कॅमेऱ्याने फोटो मागून, लांबून काढलाय. आत कोण आहे ते कुठे दिसतंय? सांगेन, मी घाबरले होते, खुलासा चुकीचा लिहिला. माझा दंड लागला तर लागू दे. माझं काय, मला कात्री चालवायची आहे. तुझा तर परवाना आहे. आईशीही बोलले मी. ती म्हणाली, मोठीचं काम होत असेल तर मी तिच्याच गाडीत होते म्हणून सांगेन.”

“आई असं म्हणाली?”

“लगेच म्हणाली.”

खोटं बोलायला आई लगेच तयार झाली. खरोखरच बसायला मात्र नाही. हे मास्तरणीच्या मनात आलं आणि तिथेच रुतून बसलं. अशा वेळी शहाण्या माणसाने छोटीला हाकलून द्यावं, दोन शिव्या द्याव्या. छोटीने एकदा लेखी दिलेलं उलटवलं तर तीच गोत्यात येणार, हे न कळण्याइतकी मास्तरीण बावळट नव्हती. पण ती म्हणाली, “बघू.” आणि ‘बघू’ म्हणताना तिला आत कुठेतरी बरं वाटलं. सरकारी कागदावर लिहिलं जाईल की आई मोठ्या मुलीच्या गाडीत होती. एकदा लिहिलं गेलं की झालं.

तारखेच्या दिवशी दोघी मास्तरणीच्या गाडीतून कोर्टात गेल्या. वकिलीणबाईंना या बेताचा पत्ता नव्हता. बहीण साक्षीला आलीय एवढंच त्यांना सांगितलं होतं. साक्ष कशाबद्दल हे विचारायच्या आधीच त्यांना दुसऱ्या दालनातून बोलावणं आलं.

दालनाबाहेर लांबलचक बाक होते. भिंतींचा रंग जिथे जिथे लोकांनी डोकी टेकली होती तिथे तिथे काळा पडला होता. एक टॅक्सीवाला पुटपुटत आपलं म्हणणं पाठ करत होता. मास्तरीण वकिलीणबाईंची वाट बघत जिन्यापाशी उभी राहिली, परत येऊन बघते तर छोटीची आणि टॅक्सीवाल्याची गट्टी जमलेली. त्याला किती मुलं, बायकोचं माहेर कुठलं, सिग्नल पिवळा होता की लाल, सगळं छोटीला ठाऊक झालं होतं. एवढंच नव्हे, त्याने तिला आपल्या शेजारी ऐसपैस जागाही करून दिली होती. तासभर ताटकळून मास्तरणीला बाकाचं टोक मिळालं.

“ताई, ये, एकदा घोकून घेऊ,” छोटी तिच्या कानाशी लागली. “नाहीतर मी आत गडबडेन. हं. तू सीट मागे केलीस. आईला बसवलंस. आईने चपला काढल्या, म्हणाली पाय गार पडलेत. तू हीटर लावलास, पण घाईत बटण चुकलं म्हणून आधी गार हवाच सुरू झाली. आई हसली.”

“हसली?”

“हो गं, त्याही अवस्थेत. म्हणाली, मला मारायला निघालीस का. मग हमरस्ता लागला आणि तिने तुझा हात धरला. गिअरवरचा. तू म्हणालीस, आई, सोड, गिअर टाकायचाय. तर म्हणाली, टाक की, मीही टाकते. मग प्रत्येक गिअरला तिचा हात तुझ्या हातावर. तिसरा. चौथा. मी आयुष्यात चौथा टाकला नव्हता गं! म्हणजे तू. तू टाकतेसच म्हणा. ते नाही सांगायचं.”

मास्तरीण ऐकत होती. इतक्या दिवसांत त्या गाडीत काय झालं हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

“मग ती डोळे मिटायला लागली. तू ओरडलीस, आई, बोलत राहा. काहीही बोल. तर ती म्हणाली, काय बोलू? तुझ्या केसांना किती छान वास येतोय, लहानपणी यायचा तसाच. सारखं तेच म्हणत होती. शेवटपर्यंत तेच. तुझ्या केसांना...” छोटी थांबली. तिने बहिणीच्या केसांकडे पाहिलं, चपचपीत तेल लावून मागे घट्ट आवळलेल्या अंबाड्याकडे. “हे सांगू की गाळू?”

मास्तरणीला वाटलं, उठावं आणि ह्या पोरीच्या फाडकन थोबाडीत द्यावी. तिच्याकडे हे सगळं होतं. तो हात, ते हसू, ते केसांचं बोलणं. आणि ते सगळं ती ओंजळीत घेऊन आली होती, घे ताई म्हणत, एखादी साडी द्यावी तसं. वर विचारत होती, हे तुला बसतंय का! हिच्याकडून आई उसनी घ्यायची? आणि आत जाऊन, अनोळखी माणसापुढे, तिसरा गिअर चौथा गिअर म्हणत मिरवायची? नाही. आई तिच्या गाडीत नव्हती. नव्हती तर नव्हती. ते निदान तिचं स्वतःचं होतं.

“थांब,” ती म्हणाली.

“काय झालं? वासाचं गाळू ना?”

“सगळंच गाळ. उठ. वकिलीणबाई कुठे गेल्या बघ.”

अर्ज मागे घ्यायचा म्हटल्यावर वकिलीणबाईंनी एवढा सुस्कारा सोडला की टॅक्सीवाल्यानेही वळून पाहिलं. सुनावणी अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे सवलत शाबूत होती. न्यायाधीशांनी मान वर न करता सही केली. खालच्या खिडकीवर मास्तरणीने निम्मा दंड भरला. खिडकीतला कारकून म्हणाला, “बाई, हे तर घरबसल्या भरता आलं असतं.”

“माहितीये,” ती म्हणाली.

परत येताना मास्तरीण गिअर आदळत होती. मग छोटी म्हणाली, “तू माझ्यावर चिडलीयेस.”

“हो.”

“मी काय केलं?”

“काही नाही केलंस. मला तुझा हेवा वाटतो.”

ती हे एवढ्या सरळ बोलली की तिला स्वतःलाच धक्का बसला. समोर सिग्नल लाल होता म्हणून बरं. छोटी मात्र अजिबात दचकली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ते मला माहितीये.”

“माहितीये? कधीपासून?”

“सायकल शिकत होतो तेव्हापासून. मला आधी जमली आणि तू दोन दिवस जेवली नाहीस. मग मी मुद्दाम पडले ना.”

“मुद्दाम पडलीस?”

“दोनदा. गुडघा फोडून घेतला. मग तू जेवलीस.”

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजला. मास्तरणीने पहिला गिअर टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदाच, नवशिक्या बाईसारखी, तिची गाडी भर चौकात बंद पडली. छोटीने तोंडावर हात दाबून धरला, पण हसू काही थांबेना. “एवढं काय हसायचं त्यात,” मास्तरीण म्हणाली. तिला मुळीच हसू आलं नव्हतं. गुडघाही फोडून घेतला होता तर! म्हणजे त्या सायकलीवरही ही पुढेच होती.

छोटीला दुकानापाशी सोडून ती आईकडे गेली. आई खिडकीपाशी लसूण सोलत बसली होती.

“झालं का गं कोर्ट? मला बोलावलंच नाही. मी नवीन साडी काढून ठेवली होती.”

“भरला दंड,” मास्तरीण म्हणाली. मग चपला न काढताच तिने विचारलं. “आई, त्या दिवशी तू माझ्या गाडीत का नाही बसलीस?”

आईने हातातली पाकळी सोलून ताटलीत टाकली.

“चार दिवस दुखत होतं मला,” ती म्हणाली. “कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या शेजारी बसले असते तर तू विचारलं असतंस, कधीपासून दुखतंय? आणि मग इस्पितळ येईपर्यंत माझी खरडपट्टी काढली असतीस. छोटी काय, नुसती रडते. मला तेवढा दम नव्हता गं.”

“चार दिवस?” मास्तरणीचा आवाज चढला. “चार दिवस दुखत होतं आणि तू बोलली नाहीस? अगं, काही कळतं का तुला? छातीत दुखतंय म्हटल्यावर...”

आईने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

मास्तरणीने तोंड मिटलं. मिटायला फार जड गेलं. ती समोर बसली, लसणाची एक गड्डी ओढून घेतली आणि सोलायला लागली. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, “पुढच्या तपासणीला माझ्या गाडीत बस.”

“छोटी नेणार आहे.”

“तिला मी सांगते.”

“तू ओरडशील.”

“ओरडेन,” मास्तरीण म्हणाली. “तरी बस.”

आईने जरा विचार केला. “बरं,” ती म्हणाली, “पण मी मागच्या सीटवर बसेन.”